गप्प बसलेला माणूस उदास नव्हताच!

मंडळी, आज अकरावीला अमेरिकन कविता शिकवायला गेले आणि मीच शिकून आले!

कवितेतला कामगार कारखान्यातून घरी येतो आणि पायरीवर गप्प बसतो. काहून गप्प? गाइड म्हणतं, उदास आहे. मीही दरवर्षी तेच लिहून देते.

आज मागच्या बाकावरची निधी उठली. तिचे वडील इथल्या रिछाई औद्योगिक भागातल्या फॅक्टरीत आहेत.

"नहीं मैडम, उसके कान में अभी मशीन चल रही है. पापा भी ऐसे ही बैठते हैं. मशीन रुकेगी, तो चाय माँगेंगे."

शेवटचं कडवं तिलाच वाचायला लावलं. त्यात तो माणूस उठून बायकोला कॉफी मागतो! इतकी वर्षं ती ओळ मला दिसलीच नव्हती.

सारा वर्ग बाकं बडवून राहिला होता. मीही टेबल बडवलं!

तुमच्या घरी असं कोण बसतं? त्याची मशीन थांबेपर्यंत तुम्ही थांबता का?