बारानंतर चौदा

आमच्या कोठ्या सांभाळणाऱ्या डेल्मर स्टेनरूडचा माझ्या वजनकाट्यावर कधीच विश्वास नव्हता. बावीस वर्षं मी तो काटा सांभाळते आहे, दरसाल सरकारी शिक्का लागतो, तरी दर सोमवारी हा आपली पिकअप काट्यावर उभी करतो, आकडा बघतो आणि मग माझ्याकडे बघतो. चर्चच्या जेवणातही कुठलं हॉटडिश कोणी केलंय हे विचारल्याशिवाय चमचा घालणार नाही.

आमच्या धान्यकेंद्रात कोठ्या अठरा, पण यंदापर्यंत शेवटचीवर आकडा होता एकोणीस. बारानंतर एकदम चौदा. परगावचे ड्रायव्हर हसायचे, तेराला घाबरता का म्हणायचे. आम्ही त्यांना हसू द्यायचो. तीस वर्षांपूर्वी तेरा नंबरच्या कोठीत डेल्मरचा धाकटा भाऊ ऑर्लिन मक्याचा घट्ट झालेला थर फोडायला उतरला होता. खालची, धान्य बाहेर ओढणारी मोटर बंद असल्याचा लाल दिवा लागलेला होता. तरी मोटर फिरली, मका खाली ओढला गेला आणि त्याच्याबरोबर ऑर्लिनही. पुढच्या वसंतात डेल्मर रंगाचा डबा घेऊन आला आणि तेरापासूनचे सगळे आकडे एकेकाने वाढवून गेला. त्याला कोणी काही विचारलं नाही. तेव्हापासून तो म्हणतो, "लाल दिवा म्हणजे दिवा लाल आहे, एवढंच."

यंदा सहकारी मंडळाने नवी यंत्रणा आणली. फार्गोहून कोरीन नावाची इंजिनिअर मुलगी आली. पडद्यावर प्रत्येक कोठीचं चित्र, चित्राखाली मोटर. चित्रातली एकेक मोटर खालच्या खऱ्या मोटरीशी जोडायची, म्हणजे इथे बोट टेकवलं की तिथे ती फिरणार. मोटरींजवळचे जुने खटकेही वरच्या खोलीतल्या कपाटात गेले. डेल्मर तीन आठवडे सासूसारखा तिच्या मागे होता.

"पोरी, चित्रातली मोटर आणि खालची मोटर एकच, हे तुला कोणी सांगितलं?"

"मीच जोडल्यात ना, डेल्मर."

"म्हणून तर विचारतोय. तुला कोणी सांगितलं?"

"तुमच्या ऑफिसातल्या नकाशाने."

तो परत तिच्या तारा तपासायला लागला. त्याचा संशय पोरीवर होता, नकाशावर नव्हता. मी तिथेच कॉफी पीत बसले होते, आणि नकाशा कुठल्या सालचा हे विचारायचं मलाही सुचलं नाही. त्या न सुचण्याचा राग मला अजून येतो.

नोव्हेंबरात पंधरा नंबरच्या कोठीत मक्याचा थर धरला. तो फोडायला उतरणार होता डेल्मरच्या बायकोचा भाऊ रस. कोरीनने पडद्यावर पंधरा बंद केली. डेल्मरने कपाटात पंधराच्या खटक्याला स्वतःचं कुलूप घातलं, किल्ली खिशात टाकली. कोरीनने चालू करून पाहिली. काहीच हललं नाही.

रस वर झाकणाशी पट्टा बांधून तयार होता. वॉकीटॉकीवर म्हणाला, "जाऊ का रे, की आधी माझे दात मोजणार आहेस?"

"थांब," डेल्मर म्हणाला. मग कोरीनकडे वळला. "न चालणं हा पुरावा नाही, पोरी. मेलेलं घोडंही चालत नाही. आधी चालवून दाखव, मग बंद कर."

त्याने कुलूप काढलं, कोठीखाली गेला आणि पंधराच्या मोटरीवर पंजा ठेवून वॉकीटॉकीवर म्हणाला, "चालव आता."

कोरीनने पंधरावर बोट टेकवलं. चित्र हिरवं झालं. "चालली," ती म्हणाली.

"माझ्या हाताखालची नाही." मग शेजारी बघून, "सोळा फिरतेय."

कोरीनने नकाशा माझ्या टेबलावर पसरला. नकाशा ऑर्लिनच्या आधीचा. ती बोटाने मोजू लागली. "बारा, तेरा, चौदा... तुमच्याकडे तेरा कुठेय?" मग मी तिला सांगितलं. ऐकता ऐकता तिने नकाशातल्या पंधरापुढे सोळा लिहिलं. कपाटातले खटकेही त्याच नकाशावरून लावलेले, म्हणून कुलूप सोळाला लागलं होतं, आणि रसच्या पायाखालची मोटर कोणाच्याही बोटाने फिरली असती.

डेल्मर वर आला. आता तो पोरीला फाडून खाणार असं मला वाटलं, आणि खरं सांगते, खावं असंही वाटलं. त्याने नकाशावरच्या तेरावर बोट ठेवलं.

"तिची चूक नाही. आकडे मी बदललेत."

तीस वर्षं त्याने साऱ्या गावावर संशय घेतला, फक्त स्वतःच्या हातच्या रंगावर घेतला नव्हता. रस खाली आला, पट्टा सोडला. एरवी तोंड बंद न ठेवणारा माणूस, पण एवढंच म्हणाला, "घरी चल, डेल्मर."

"पांढरा रंग कुठेय?"

एकोणीसपासून उलट मागे येत त्याने सगळे आकडे पुसून नवे घातले. शिडी रसने धरली होती. शेवटी ऑर्लिनच्या कोठीवर आला; तिथला तीन आजही वाकडा आहे. खाली उतरून तो कोठीकडे पाठ करून उभा राहिला.

"रस, काय लिहिलंय ते वाच."

"तेरा."

"परत वाच," डेल्मर म्हणाला.