माझ्या मायच्या अंगातली देवी

माझी माय देवी होऊन मेली, आणि त्याची चीड इतक्या वर्षांनीही माझ्या मनातून गेलेली नाही. निजामाचं राज्य होतं तेव्हाची गोष्ट. आमचं गाव हट्ट्याच्या बाजूला. रानात हळद आणि ज्वारी, खाऊन-पिऊन सुखी म्हणावं असं घर. घरात वडील, माय, मी आणि वडिलांची विधवा बहीण, म्हणजे माझी आत्या. मी बारा वर्षांची होते. मायचं वय कुणी मोजलं नव्हतं, पंचेचाळीसच्या आसपास असेल.

त्या साली मायच्या पाळीचा नेम राहिला नाही. दोन-दोन महिने यायची नाही, आणि आली की पंधरा-पंधरा दिवस हटायची नाही. बाईनं चार दिवस गोठ्यात बसायचं आणि पाचव्या दिवशी न्हाऊन घरात यायचं, असा आमच्याकडचा रिवाज. आत्याचा कायदा त्याहून कडक. अंगावरचं थांबत नाही तोवर उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचं नाही. त्यामुळं माय बैलांच्या शेजारी पोत्यावर पडून असायची आणि मी लांबूनच तिच्या ताटलीत भाकरी टाकायचे. ती पांढरीफटक पडत चालली होती. ते घरात कुणाला दिसत होतं की नाही, ठाऊक नाही. हळद शिजवायला माणूस कमी पडतं, एवढं मात्र सगळ्यांना दिसत होतं.

मग एका शुक्रवारी, न्हाऊन घरात आल्यावर, ती चुलीपाशी भाकरी थापत होती. एकाएकी तिचं तोंड लालबुंद झालं. तिनं पदर फेकला, "जळून राहिले मी, दार उघडा," म्हणत अंगणात धावली आणि थंडीच्या दिवसांत रांजणातलं पाणी तांब्या-तांब्यानं डोक्यावर ओतून घेऊ लागली. घामानं आणि पाण्यानं कपाळावरचं कुंकू नाकापर्यंत ओघळलं. अंग थरथरत होतं. आत्या दारात आली, बघत राहिली आणि तिनं हात जोडले.

"माहूरची आई आली गं," ती म्हणाली.

संध्याकाळपर्यंत गावभर झालं. दुसऱ्या दिवशी शेजारीण तिचा हरवलेला बैल विचारायला आली. त्या वेळी मायचं अंग पेटलेलं होतं आणि डोकंही. ती वैतागून म्हणाली, "मसणात गेला आसंल." बैल खरंच मसणवट्याच्या बाभळीखाली चरताना सापडला! हिरवं गवत गावाला तिथंच होतं, बैल दुसरीकडं जाणार कुठं? पण झालं. त्या बैलानं माझ्या मायचा घात केला.

मंगळवार-शुक्रवार बायका जमू लागल्या. त्या तिचा मळवट भरत, ओटी भरत आणि पोरगं कधी होईल ते विचारत. देवीची बाई म्हणून आत्यानं तिला त्या दोन दिवशी कडक उपास धरायला लावला. गार पाण्यानं न्हाऊन ओल्या लुगड्यात बसायचं. सगळ्या घरातच मटण बंद, अंडं बंद, कांदा-लसूणही बंद. आणि पाळी आली की हीच देवी परत गोठ्यात! त्या दिवसांत देवी माहूरला जाते, असा आत्यानं निकाल दिला होता. तरी गोठ्यातही मायच्या अंगाची आग व्हायचीच. मग बायका विटाळ नको म्हणून दहा हात लांब उभ्या राहून तिथूनच हात जोडायच्या.

वडिलांचं बरंच झालं. ज्या बायकोला कधी धड नावानं हाक मारली नाही, तिला ते आता खाली मान घालून "आईसाहेब" म्हणू लागले. तिला काय दुखतं हे विचारायचं काम वाचलं.

आणि मी? मी फुगले होते. विहिरीवर पोरी मला आधी पाणी भरू द्यायच्या. देवीची लेक ना मी!

खरं बोलली ती एकटी सुईण. ती धनगराची होती. शेळ्या-मेंढ्या राखायची आणि गावातली निम्मी लेकरं तिच्या हातावर आलेली. गोठ्यात शिरून, पोत्यावर मायच्या शेजारी बसून, पोट दाबून बघणारी तीच पहिली. बाहेर येऊन आत्याला म्हणाली, "कशाची देवी घेऊन बसल्या बाई? हिची पाळी जाऊन राहिली. जाताना कुणाकुणाला लई तकलीफ होती. माझंबी अंग दोन साल आसंच जळत होतं. पर हिच्या अंगावरून लई चाललंय. उपास बंद करा, गार पाणी बंद करा, बोकडाचं काळीज खाऊ घाला. न्हाईतर वसमतला दवाखान्यात न्या."

आत्यानं तिला वाडीवस्तीला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं घालवून दिलं. पुन्हा दारात दिसलीस तर बघ, म्हणाली.

आता मी आत्याच्या वयाला मागं टाकलंय, म्हणून कळतं. तिचंही अंग कधीतरी जळालं असणारच. ती विशीत विधवा झालेली. तिच्या कपाळावर ओघळायला कुंकूच नव्हतं, मग तिला देवी कोण म्हणणार? तिनं ते गपगुमान सोसलं असेल. तरी मला तिची कीव येत नाही.

चैत्र लागला तेव्हा मायला उठून बसवेना. मी भाकरी टाकायला गेले तर तिनं मला जवळ बोलावलं. मी दहा हातांवरच थांबले.

"मी देवी-बिवी न्हाई लेकरा," ती म्हणाली. "मी तुही माय हाय. मला भूक लागलीय. सुईणीकडं जा. तिला म्हणावं, काळीज रांधून दे. आत्याला सांगू नको."

मी गेले. सुईणीनं त्याच सकाळी बोकड कापला होता. तिनं काळीज परतलं, पळसाच्या पानात बांधून माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "पळत जा. गरम हाय तवर दे."

मी पळाले नाही. ओढ्यापाशी थांबले. देवीच्या तोंडी मटण गेलं तर ती कोपेल, हे आत्यानं मनात भरवलेलं होतं. पण खरं सांगायचं तर भीती त्याहून वेगळी होती. देवी गेली तर विहिरीवर मला कोण विचारणार? मी पान उलगडलं आणि काळीज हातानं ओढ्याकाठच्या कुत्र्यांपुढं टाकलं. त्यांनी ते माझ्यादेखत खाल्लं.

परत आले तेव्हा माय गोठ्याच्या दाराकडं डोळे लावून होती. "दिलं का तिनं?"

"न्हाई," मी म्हणाले. "ती घरीच नव्हती."

मायनं हात पुढं केला. का कुणास ठाऊक, त्या दिवशी मी दहा हातांचं अंतर विसरले आणि जवळ गेले. तिनं माझी बोटं धरली, नाकाशी नेली. बोटांना तेलाचा, मसाल्याचा वास होता. मी शिव्यांची वाट बघत उभी राहिले.

तिच्या चेहऱ्यावर हसू आलं. कितीतरी महिन्यांत तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं.

"तू खाल्लंस व्हय? खाऊ दे. माह्यापायी तुलाबी किती दिवस मिळालं न्हाई." मग माझा हात सोडत हळू आवाजात म्हणाली, "जा, राखेनं हात धू. आत्याला वास येईल."

मी हात धुतले. मी खाल्लं नव्हतं, हे तिला सांगितलं नाही. आठ दिवसांनी ती गेली.