बाकावरचा बातमीदार

गावचं साप्ताहिक बंद पडलं, तरी बातमीदार काकांनी नगरपालिकेच्या सभेला जाणं सोडलं नाही. इस्त्रीचा शर्ट घालून ते भिंतीलगतच्या बाकावर बसत आणि मतदानाआधी पेनाचं टोपण काढत. मग सदस्यांची नजर हटकून त्या पेनाकडे वळे आणि वर जाणारे निम्मे हात खालीच राहत.

"छापणारं कुणी नाही, मग लिहिता कशाला?" काकू विचारत.

"त्यांना कुठं ठाऊक आहे? पेपर कधी वाचलाच नाही त्यांनी. भितात मात्र!"

त्या दिवशी प्रसूतिगृह बंद करून जागा दुकानांना द्यायचा विषय निघाला. काकांच्या मुलीला आठवा महिना होता. त्यांनी टोपण काढलं. दोन-तीन सदस्य चुळबुळले.

तेवढ्यात अध्यक्ष हसले. "अहो, घाबरता कुणाला? काकांचा पेपर केव्हाच गेला. माझ्या वाढदिवसाची जाहिरात द्यायला माणूस पाठवला, तर तिथं शिंप्याचं दुकान! लिहा काका, लिहा. नातवंडाला वाचून दाखवा."

सगळे खो खो हसले. मग सगळे हात वर गेले, कायम विरोधात बसणाऱ्या बाईंचासुद्धा.

घरी येऊन काका मुलीला म्हणाले, "तुझं नाव उद्याच शहरातल्या दवाखान्यात घालू."

"आणि बाकीच्या बायकांना कोण सांगणार?" काकूंनी विचारलं.

काका शर्टाची बटणं काढत राहिले.

"दिसेलच त्यांना कुलूप," ते म्हणाले, "वेणा सुरू झाल्यावर."