वाटूर फाट्यावरचं जपानी जेवण

आमचा मित्र पुण्यात जपानी हॉटेलात आचारी होता, यावर आमच्यापैकी कुणाचाच विश्वास नव्हता. जालन्याच्या वसतिगृहात आम्ही चौघं एका खोलीत राहिलेलो. बारावीला नापास झाला तसा तो पुण्याला गेला, नऊ वर्षांनी परत आला आणि वाटूर फाट्यावर भजी-मिसळीचं हॉटेल टाकून बसला. "तिकडं भांडी घासत असंल," हे पहिल्यांदा मीच बोललो. मी पडलो मास्तर, माझं बोलणं लोक लगेच उचलतात. वर्षभरात ते घनसावंगीपर्यंत पोचलं आणि अर्थातच त्याच्याही कानावर गेलं.

तो भांडला नाही. एका रविवारी त्यानं हॉटेल बंद ठेवलं आणि आम्हाला दुपारी जेवायला बोलावलं. "अस्सल जपानी खाऊ घालतो. मंग ठरवा मी काय करत होतो ते," एवढंच फोनवर म्हणाला.

आमच्यातला एक जालन्यात मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री, घरी उर्दू बोलणारा. दुसरा जाफराबादकडचा शेतकरी, गळ्यात माळ. त्याच्याकडून मित्रानं आठ दिवस आधी पायलीभर सोयाबीन मागवून घेतलं होतं. "गिऱ्हाइकाला गुरांची ढेप चारतो का काय?" म्हणून शेतकऱ्यानं मला फोनवर विचारलंही होतं. आमच्याकडं सोयाबीन पेरतात, काढतात, आडतीवर नेऊन घालतात. खात कुणी नाही.

आम्ही पोचलो तेव्हा टेबल लख्ख पुसलेलं. कांदा-लिंबाची ताटली नाही, तिखटाची बरणी नाही. मिस्त्रीनं हक्कानं मागितली, तर मित्र म्हणाला, "आज मिळणार न्हाई. आधी नुसतं खा." याच पोरानं वसतिगृहात माझा शर्ट मागून नेऊन फोटो काढले होते. आता त्याचं आम्ही तिघांनीही गुमान ऐकलं.

आधी भात आला. वाफाळता, एकमेकाला धरून बसलेला.

"चावल गल गये यार तेरे," मिस्त्री हसला.

"गिच्च न्हाई झाले. सात पाण्यानं धुतलेत. असाच पाहिजे."

लाकडी काड्या दिल्या होत्या. शेतकऱ्यानं आपल्या कानामागं खोचल्या आणि सरळ बोटांनी घास घेतला. मग वाटीतून गरम सार आलं. आंबवलेल्या सोयाबीनचा मसाला मित्रानं पुण्याच्या आपल्या उस्तादाकडून मागवला होता. एरवी यात मासा पडतो, पण माळेचा मान राखून त्यानं समुद्रातल्या पाल्याच्या पाण्यावर भागवलं होतं. सार मला फार आवडलं. तसं बोललो मात्र नाही, आमचा स्वभाव कुठं जातो!

शेवटी एकेका बशीत पांढरी, थंड वडी आली. वर किसलेलं आलं, कांद्याची पात, सोया सॉसचे चार थेंब.

"पनीर आहे," मी जाहीर करून टाकलं.

मित्र भट्टीच्या ओट्याला टेकून उभा होता आणि कोरडंच फडकं पिळत होता. तेव्हा माझ्या ध्यानात आलं, गडी घाबरलाय.

मला त्या वडीत काही चव लागली नाही. मिस्त्रीनंही खांदे उडवले. शेतकऱ्यानं एक घास घेतला आणि थांबला. दुसरा घास आलं बाजूला सारून नुसताच घेतला. मग बशी नाकाजवळ नेली.

"मळणीयंत्र चालू असलं की खळ्यावर असाच वास सुटतो," तो म्हणाला. "हे माझं सोयाबीन हाय का रे?"

मित्रानं मान डोलावली. भिजवून, वाटून, गाळून, उकळून त्याचं दूध काढलं, ते फाडून दाबलं, सगळं त्यानं सांगितलं. जपानी लोक याला टोफू म्हणतात म्हणाला. मग माझ्याकडं वळला.

"मास्तर खोटं न्हाई बोलला. दोन वर्षं भांडीच घासली मी. मंग तांदूळ धुवायला दिले. मंग टोफू. शेवटी शेवटी जपानी पाहुणे मला बाहेर बोलवून घ्यायचे, कुणी केलाय ते बघायला."

छाती पुढं काढून बोलत होता आणि त्याला ते शोभत होतं. आमच्या खोलीतला माणूस एवढा मोठा झालाय, या अभिमानानं मला भरून आलं. माझ्या जिभेची लाजही तेवढीच वाटली.

शेतकऱ्यानं बशी संपवून डबा मागितला. "घरी न्यायचंय. बारा वर्षं झाली, बायको हे खुरपून राह्यली. कसं लागतं ते तिलाबी कळू दे."

"पाण्यात घालून देतो, मंग टिकंल," मित्र म्हणाला आणि सगळ्यात मोठी वडी त्यानं डब्यात ठेवली.

मी उठलो, सगळ्यांच्या वाट्या-बशा गोळा केल्या आणि मागच्या नळावर जाऊन बसलो. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी अडवलंही नाही. थोड्या वेळानं मित्र आला. मी घासून पालथी घातलेली एक वाटी त्यानं उचलली, उजेडात फिरवून बघितली आणि परत माझ्या हातात दिली.

"बुडाला चिकट हाय अजून, मास्तर."

मी पुन्हा घासली.