'समजलं' म्हणणारी

एम.एड.च्या वर्गात आम्ही नोकरी करणारे शिक्षकच एकमेकांची मुलं होतो. एकाने अपूर्णांकांचा पाठ घ्यायचा, बाकीच्यांनी बाकांवर बसून मुलांचं सोंग आणायचं. त्यातल्या एकाने न समजणारं मूल व्हायचं आणि दुसऱ्यांदा समजावल्यावर 'समजलं' म्हणायचं. म्हणजे पाठ पुरा होतो.

त्या दिवशी ही पाळी शिंदे सरांची होती. पिकल्या मिशांचा माणूस, पण उभा राहिला तो थेट एखादी मुलगी होऊन. मान खाली, नखाने बाकाची कड खरवडत. आम्ही खूप हसलो. पाठ घेणाऱ्या बाईंनी पुन्हा समजावलं. फळ्याकडे न बघताच सर पुटपुटले, "समजलं, बाई." टाळ्या पडल्या.

चहा घेताना मी म्हटलं, "सर, हुबेहूब केलंत."

"मी शिकवायचो त्या सातवीत होती एक. अशीच उभी राहायची."

"आता काय करते?"

"त्याच वर्षी लग्न लावून दिलं."

"शेवटी समजायचं का तिला?"

"छे हो. समजलं म्हटलं की खाली बसायला मिळतं."

फळ्यापाशी उभं राहून आपण आयुष्यभर हा एकच शब्द गोळा करतो. त्यामागे किती जणी नुसत्या खाली बसल्या असतील, कोण जाणे. आपला अभ्यासक्रम वेळेत संपतो तो त्यांच्याच जिवावर.

चहानंतर माझा पाठ होता. शेवटी सवयीने तोंडातून गेलंच, "समजलं?"

सगळा वर्ग एका सुरात 'हो' म्हणाला. मी फळा पुसला.