काकींच्या थेटरातल्या नव्या खुर्च्या

गल्लीच्या टोकाला आज जिथे गाद्यांचं दुकान आहे, तिथे पूर्वी थेटर होतं. मूळची ती धान्याची वखार. काकींच्या नवऱ्याने भिंती रंगवल्या, एका टोकाला पडदा लावला, दुसऱ्या टोकाला मशीनची खोली काढली आणि पोत्यांच्या जागी माणसं बसवली. तो गेल्यावर लोक म्हणाले, आता बाई विकून मोकळी होईल. पण काकी स्वतः तिकिटाच्या खिडकीत बसल्या, आणि अंधारात लोकांना जागा दाखवायला त्यांनी एक तरणा माणूस ठेवला. त्याच्या हातात कायम बॅटरी, म्हणून अख्खी गल्ली त्याला बॅटरीच म्हणायची. पुढे बायकोसुद्धा.

बॅटरीला मागेपुढे कुणी नव्हतं. त्याचं लग्न काकींनीच लावून दिलं, तेही थेटरात, सकाळचा खेळ बंद ठेवून. नवऱ्याने सवयीने नवरीलाही बॅटरी मारत खुर्चीपर्यंत नेलं, असं लोक कितीतरी वर्षं सांगून हसत.

मग घरोघरी टीव्ही आले, पाठोपाठ व्हिडिओ. बॅटरीचा मेव्हणा म्हणाला, "भावजी, कॅसेटी भाड्याने देऊ. खोली तुमची, नाव माझं." दोन मुली वाढत होत्या, थेटरच्या पगारात भागत नव्हतं. बॅटरी हो म्हणाला. काकींना सांगायचं मात्र राहून गेलं. आज सांगू, उद्या सांगू करता करता धंदा जोरात चालायला लागला, आणि मग सांगायची सोयच उरली नाही.

इथवरही ठीक होतं. पोटासाठी माणूस काय करत नाही! पण इंटरव्हलला ओळखीचं कुणी दिसलं की बॅटरी वाकून हळूच म्हणायचा, "पुढच्या आठवड्याचा सिनेमा घरीच बघा की. आलाय आमच्याकडे." काकींच्याच थेटरात, काकींनीच शिवून दिलेला गणवेश घालून. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच, हे त्यालाही कळत होतं. 

खिडकीपुढची रांग आटत गेली. एका दुपारी काकींनी त्याला जवळ बोलावलं.

"तू दारावर असतोस, लोक तुझ्याशी बोलतात. का रे येईनासे झालेत?"

चोराच्या मनात चांदणं. त्याच्या तोंडून निघून गेलं, "खुर्च्या, काकी. स्प्रिंगा टोचतात. ढेकूणही झालेत म्हणतात."

"असं? मग आधी बोलायचं नाही का, वेड्या!"

सुटलो, असं त्याला वाटलं. पण पंधरवड्याच्या आत काकींनी हातातल्या सोन्याच्या बांगड्या मोडल्या आणि सगळ्या खुर्च्या नव्या केल्या. लाल रेक्झिन, जाड फोम. जुन्या उचकटताना बॅटरी मजुरांच्या बरोबरीने राबला. आता तरी तोंड उघडावं, असं त्याला घटकेघटकेला वाटे. जीभ काही उचलत नव्हती. पहिल्या खेळाला मोजकीच डोकी आली. काकी मधल्या रांगेत बसून बघत म्हणाल्या, "मऊ आहेत रे." त्यांचा मोकळा हात खुर्चीच्या दांड्यावर होता. बॅटरीला तिकडे बघवेना. तो दाराबाहेर जाऊन उभा राहिला.

पुढच्या वर्षी थेटर बंद पडलं. खुर्च्या भंगारात गेल्या, लाल रंग अजून उडालाही नव्हता. मग एके दिवशी काकी बॅटरीच्या दुकानात आल्या. तो ताडकन उठला.

"बस, बस. घरात वेळ जात नाही. एखादी विनोदी दे."

त्यांनी दोन शिव्या हासडल्या असत्या, तर त्याला बरं वाटलं असतं. त्या दर आठवड्याला येत राहिल्या आणि तो मेल्याहून मेल्यासारखा होत राहिला. कालांतराने कॅसेटींनाही कुणी विचारेना. दुकान मिटलं, मुली आपापल्या घरी गेल्या. ते ओझं मात्र हललं नाही.

काकींनी अंथरूण धरलं, तेव्हा एका सकाळी तो गेला आणि उशाशी बसून सगळं बोलून टाकलं. इंटरव्हलला तो काय कुजबुजायचा तेही, ढेकूण एकही नव्हता तेही. 

"दुकान तुझं आहे हे मला आधीच कळलं होतं," काकी म्हणाल्या. "त्याचा राग नव्हता. पण खुर्च्यांचं मी खरं मानलं रे."

"चुकलो, काकी."

"अरे, मला तेव्हा खरं कारण सांगितलं असतंस, तर मीच कॅसेटी ठेवल्या असत्या. खिडकी होती, जागा होती. दोघांनी मिळून केलं असतं."

 इतक्या वर्षांत हे त्याच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्यानंतरही तो जात राहिला. औषधं आणून दे, उशी नीट कर. काकींनी कधी ये म्हटलं नाही, कधी येऊ नकोस म्हटलं नाही. माहेरी आलेल्या मुलीने एकदा विचारलं, "बाबा, काकींनी माफ केलं का तुम्हाला?"

"विचारलं नाही मी," तो म्हणाला, आणि चपला शोधायला लागला. औषधाची वेळ झाली होती.