इलोनावहिनी कुणाची?

दूध घालणारा सदू सकाळी धावत आला तेव्हा मी अंगणात आमसुलं वाळत घालत होते. वहिनींच्या घराकडे बोट दाखवू लागला. "वहिनींना पोलिसांनी नेलं काय रे?" मी विचारलं. "नाय ओ बाई... झोपेतच गेल्या." आणि माझ्या मेल्या मनाने आधी सुटकेचा निःश्वास टाकलान! रडू नंतर आलं. इतकी आम्हाला त्या एकाच गोष्टीची धास्ती होती.

इलोनावहिनी मूळची हंगेरीची. आमच्या वाडीतले भाऊ शिकायला युरोपात गेले आणि हिला लग्न करून घेऊन आले. भाऊ वारले, ही इथेच राहिली. राज्यशास्त्र शिकलेली; मराठी बोलायची ती आमच्यासारखीच, हेल काढून. नागरिकत्वाचा अर्ज मात्र कुठल्या टेबलावर अडकला होता देव जाणे. दरवर्षी राहण्याची मुदत वाढवून घ्यायची, आणि कागद हातात पडेपर्यंत जेवण गोड लागायचं नाही. लहानपणी तिच्या वडिलांना तिकडच्या पोलिसांनी घरातून उचलून नेलं होतं, ते परत आलेच नाहीत. दार वाजलं की ती पांढरीफटक पडायची.

असली भित्री बाई, आणि लिहायची काय, तर सरकारला जाब विचारणारं! आणीबाणी संपून चार-पाच वर्षं झाली होती, तरी लोक जपूनच बोलत. खाडीवर रसायनांचा कारखाना येणार असं ठरलं, तेव्हा हिने साप्ताहिकात विचारलं, की सांडपाणी कुठे सोडणार ते आधी गावाला सांगा. लेख विधानसभेत वाचला गेला. मग मुंबईचे एक पुढारी कडाडले, "बाहेरून आलेल्या बाईने आम्हाला लोकशाही शिकवू नये." झालं! कारखान्याचं राहिलं बाजूला, बाई कुणाची यावरच सगळे भांडायला लागले. त्या वर्षी मुदतीचा कागद येईना. साध्या कपड्यातला एक पोलीस तिच्या कुंपणाच्या दगडी गडग्याशी येऊन बसू लागला.

"कशाला गो नसती उठाठेव?" मी तिच्यावर खेकसले. "हाकलून देतील. या वयात जाशील कुठे?"

"देतीलही," ती म्हणाली. "पण खाडीतले मासे काय माझा पासपोर्ट बघून मरणार आहेत?"

तशात शिमगा आला. पालखी घरोघर फिरते, आणि मानकरी त्या त्या घरासाठी देवाला गाऱ्हाणं घालतो. आमचे मानकरी अण्णा, गावचे सरपंच. मुलगा मुंबईची गिरणी बंद पडून घरी बसलेला, म्हणून कारखाना हवाच म्हणणारे. भर सभेत हिला 'परकी' म्हणालेले. पालखी वहिनीच्या अंगणात टेकली. अण्णांनी नारळ हातात घेतला. गाऱ्हाण्यात घर कुणाचं ते सांगावंच लागतं, आणि देवासमोर खोटं कोण बोलणार? वहिनीने माझा हात असा आवळला की बांगडी रुतली.

"बा देवा म्हाराजा," अण्णांनी आवाज लावला, "ही तुजी लेक, ह्या वाडीची. तिच्या वाटंत कोन काटं टाकीत आसंल, तर ते दूर कर रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळी वाडी गरजली. गडग्यापलीकडचा पोलीससुद्धा! सवयच ती, निघून गेलं त्याच्या तोंडून. वहिनी हमसून हमसून रडली. जाताना अण्णा पुटपुटले, "वहिनी, कारखान्याला मात्र मी व्हयच म्हननार हां."

कागद शेवटपर्यंत आला नाही. त्याआधी तीच गेली. तिला आमच्याच मसणवटीत अग्नी दिला, आणि खांदा द्यायला अण्णा होते.

आता कारखान्याची सभा आहे आणि लोक म्हणतायत, बाई, तुम्ही बोला. मी इथेच जन्मले, इथल्याच शाळेत शिकवण्यात जन्म काढला. मला कोण कुठे हाकलणार? तरी मनात येतंच. पेन्शन बंद केली तर? भाच्याच्या नोकरीत खोडा घातला तर? सभेआधी वहिनी मागच्या पडवीत उभी राहून केळींसमोर मोठ्याने भाषण म्हणायची. तिच्या घराची किल्ली माझ्याकडे आहे. रोज दुपारी मीही तिथे जाऊन उभी राहते. पहिलंच वाक्य अर्ध्यावर सोडते...

काल अशीच बोलत होते आणि पुढचं दार वाजलं. पुन्हा वाजलं. मी केळींकडे बघत वाक्य पुरं केलं, आणि मग कडी काढायला गेले.